जुन्या स्काउट गणवेशावरचा साज: ओळखायचा, जपायचा आणि मांडायचा कसा

घर आवरताना माळ्यावरच्या ट्रंकेतून आजोबांचा किंवा काकांचा खाकी शर्ट निघतो. बाहीवर कापडी बिल्ले, खिशाला पांढऱ्या पट्ट्या, खांद्यावर विटलेल्या रिबिनी, तळाशी चुरगळलेला स्कार्फ आणि चामड्याची विणलेली कडी. शाळेचा शतकमहोत्सव असला की अशा चार-सहा ट्रंका एकदम शाळेत येतात आणि त्यांची मांडणी कुणातरी माजी विद्यार्थ्याच्या गळ्यात पडते. आमच्या शाळेत ते काम माझ्याकडे आलं. त्या वेळी माहिती गोळा करायला मला बरीच वणवण करावी लागली. तुमच्यावर हीच जबाबदारी आली असेल किंवा घरातलाच एखादा गणवेश नीट जपायचा असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. स्काउटच्या अंगावरचा बिल्ला जितकं बोलतो, तितकंच त्याची जागाही बोलते. डाव्या बाहीवरून काढून डबीत ठेवलेला बिल्ला हा फक्त एक बिल्ला उरतो. शर्टावर असताना तो कुणाचा, कुठल्या वर्षी, कुठल्या पायरीवर पोचलेला, हे सांगत असतो. म्हणून काहीही उसवू नका.

काय काय जवळ हवं

- भिंग आणि मोजपट्टी (शिंप्याची टेप चालेल)
- मऊ केसांचा रंगाचा ब्रश, नवा कोरा
- शिसपेन्सिल आणि कागदी टॅग. शाईचं पेन टेबलावरही ठेवू नका
- दोन-तीनदा धुऊन खळ काढलेलं मांजरपाट
- आम्लरहित टिश्यू पेपर. पुण्या-मुंबईत चित्रकलेच्या आणि फ्रेमिंगच्या साहित्याच्या दुकानांत मिळतो
- सिलिका जेलच्या पुड्या
- सुती हातमोजे, किमान धातूच्या वस्तूंसाठी
- नोटा तपासायची अतिनील बॅटरी (हिचा उपयोग पुढे येईल)

कागदपत्रांमध्ये शोधायचं ते असं: पथकाचं हजेरीपुस्तक, दीक्षाविधीचं किंवा परीक्षांचं प्रमाणपत्र, शिबिराचा सामूहिक फोटो, शाळेचा वार्षिकांक आणि शाळा सोडल्याचा दाखला. या दाखल्यावर जन्मतारीख असते, त्यामुळे मुलगा कुठल्या वर्षी किती वयाचा होता हे ठरवता येतं. काळ ठरवताना याइतका उपयोगी कागद दुसरा नाही.

१. हात लावण्याआधी फोटो काढा

ट्रंक उघडली की वस्तू जशा आहेत तशाच ठेवून फोटो घ्या. स्कार्फच्या घडीत वॉगल, म्हणजे स्कार्फ अडकवायची कडी, राहिलेलं असेल तर तेही तसंच टिपा. मग शर्ट पांढऱ्या चादरीवर पसरा आणि समोरून, मागून, दोन्ही बाह्यांचे, खिशाचे, कॉलरच्या आतल्या बाजूचे वेगवेगळे फोटो काढा. प्रत्येक फोटोत मोजपट्टी दिसू द्या. कॉलरच्या आत बऱ्याचदा धोब्याची काळी खूण किंवा दोऱ्याने विणलेली अद्याक्षरं सापडतात.

बिल्ल्याचा मागचा भागही पाहायचा, पण शर्ट उलटा करून. एका शर्टाच्या डाव्या खिशावर मला दोन पांढऱ्या उभ्या पट्ट्या दिसल्या. एका पट्टीचं खालचं टोक सुटलेलं होतं आणि ते पिवळसर दोऱ्याने, हाताने, अगदी बारीक टाक्यांत पुन्हा बसवलेलं होतं. बाकीची शिवण मशीनची. खिशाच्या वर सुपारीएवढा एक गोल होता आणि तिथली खाकी भोवतीच्या कापडापेक्षा गडद राहिली होती, कडेने सुईची भोकं. तिथे कधीतरी बिल्ला होता आणि तो काढला गेला होता. अशा रिकाम्या जागाही नोंदवा. बिल्ला मागाहून दुसऱ्या डबीत सापडला, तर त्याचं माप आणि टाक्यांची भोकं जुळवून पाहता येतात.

२. हा स्काउटच आहे ना, ते आधी ठरवा

सगळ्यात मोठी गल्लत इथे होते. खाकी अर्धी चड्डी आणि शिट्टीची दोरी दिसली की घरचे "हा स्काउटमधला फोटो" म्हणून मोकळे होतात. महाराष्ट्रात मात्र गेल्या शंभर वर्षांत मुलांनी बरेच गणवेश घातले. राष्ट्रीय स्वयंसेवक संघ १९२५चा, राष्ट्र सेवा दल १९४१चं, एनसीसी १९४८ची. शिवाय शाळेचं बँडपथक होतं, रुग्णवाहिकेची प्रथमोपचार पथकं होती. खाकी रंग आणि पट्टा यांतल्या बहुतेकांकडे असायचा.

स्काउट ओळखायच्या खुणा पुढे देतो. यांतल्या किमान दोन जुळल्याशिवाय चिठ्ठीवर "स्काउट" लिहू नका.

- गळ्यात त्रिकोणी घडी घातलेला स्कार्फ, समोर गाठ किंवा कडी
- तीन पाकळ्यांच्या फुलाचं चिन्ह, म्हणजे फ्लर-द-लिस. होकायंत्रावर किंवा नकाशावर उत्तर दिशा दाखवायला हेच चिन्ह काढतात
- पट्ट्याच्या गोल बकलावर तेच फूल
- डाव्या खांद्यावर लोंबणाऱ्या रंगीत रिबिनी

जुन्या मुंबईतल्या स्टुडिओत काढलेल्या फोटोंमध्ये रुंद चौकोनी कॉलरचा, पांढऱ्या फितींचा पोशाख घातलेली आणि शिट्टीची दोरी लावलेली मुलंही दिसतात. तो खलाशी पोशाख. १८४६मध्ये विंटरहाल्टर या चित्रकाराने इंग्लंडच्या छोट्या राजपुत्राचं अशा पोशाखातलं चित्र काढलं आणि पुढे जगभरच्या सुखवस्तू घरांतून ही फॅशन पसरली. शिट्टी तीच, दोरीही तीच, पण त्या मुलाचा स्काउटशी काही संबंध नाही.

३. स्कार्फ आणि वॉगल

स्कार्फवरून पथक कळतं. प्रत्येक पथक आपला रंग ठरवतं, त्यामुळे एकाच शाळेतल्या चार ट्रंकांमधून एकाच रंगाचे, एकाच काठाचे स्कार्फ निघाले, तर ते पथकाचं निशाण आहे असं खुशाल लिहा. रंगाची नोंद करताना घडीच्या आतला भाग पाहा. बाहेरचा भाग उन्हाने विटलेला असतो आणि आतला मूळ रंग धरून असतो.

स्कार्फ शोभेसाठी कधीच नव्हता. हात मोडला तर झोळी, जखमेला पट्टी, गरज पडली तर दोरी, असा त्याचा वापर मुलांना शिकवला जायचा. म्हणूनच जुन्या स्कार्फवर आयोडिनचे तपकिरी डाग किंवा गाठींचे कायमचे वळ असतात. ते घालवू नका, तोच तर त्या कापडाचा इतिहास आहे. टोकाला छोटी गाठ असेल तर तीही सोडू नका. रोज एक सत्कृत्य करायचं याची आठवण म्हणून अशी गाठ मारायची पद्धत होती.

आता वॉगल. सुरुवातीच्या काळात मुलं स्कार्फला नुसती गाठ मारत. कडी आली ती १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला. लंडनजवळच्या गिलवेल पार्क या प्रशिक्षण केंद्रात बिल शँकली नावाचा तरुण कर्मचारी होता. त्याने शिवणयंत्राच्या बारीक चामडी पट्ट्याची टर्क्स हेड नावाची विणीची गाठ करून ही कडी तयार केली. तेव्हा फोटोत स्कार्फला कडी असेल, तर तो फोटो १९२०च्या आधीचा नाही. नुसती गाठ दिसली तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण गाठ मारणारी पथकं पुढेही होती.

चामड्याचं दोन पदरी टर्क्स हेड वॉगल दिसलं की थोडं थांबा. पुढे तेच प्रौढ स्काउटरांच्या गिलवेल प्रशिक्षणाचं चिन्ह झालं. ट्रंकेत त्याच्या सोबत चामडी वादीत ओवलेले दोन लाकडी मणी निघाले, तर ते वूड बॅजचे मणी. म्हणजे ट्रंकेचा मालक पुढे स्काउटमास्तर झाला होता आणि प्रशिक्षण पूर्ण केलेला होता. या मण्यांची परंपरा १९१९च्या पहिल्या गिलवेल वर्गापासूनची. पहिले मणी दिनिझुलू या झुलू राजाच्या माळेतले होते असं सांगितलं जातं. भारतात याच प्रशिक्षणाला हिमालय वूड बॅज म्हणतात. घरचे लोक हे मणी खेळणं समजून मुलांच्या हातात देतात. ते आधी ताब्यात घ्या. चार मणी असतील तर व्यक्ती प्रशिक्षकांची प्रशिक्षक होती. अशा वेळी नाव शोधायला जास्त कष्ट घ्या.

दोरीचं किंवा सुतळीचं टर्क्स हेड मात्र मुलं स्वतः विणत, त्यामुळे त्यावरून पद ठरवू नका. प्लास्टिकचं वॉगल असेल तर तो मागाहून आलेला माल.

४. खांदा, खिसा, बाही: अंगावरून वाचत जा

इथे घाई करू नका, कारण गणवेशातली सगळ्यात मोलाची माहिती याच तीन जागी असते. वरून खाली वाचायची सवय ठेवा.

*खांदा.* डाव्या खांद्यावरच्या रिबिनी संघाच्या, म्हणजे सहा-आठ मुलांच्या छोट्या गटाच्या. ही प्रथा अगदी पहिल्या शिबिराइतकी जुनी आहे. १९०७च्या ऑगस्टमध्ये स्काउट चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांनी ब्राउनसी बेटावर मुलांचं शिबिर घेतलं, तेव्हा चार संघांना खांद्यावर लावायला रंगीत लोकरीच्या लडी दिल्या होत्या: बैलांना हिरवी, लांडग्यांना निळी, कर्ल्यू पक्ष्यांना पिवळी, डोमकावळ्यांना लाल. पुढे लोकरीच्या जागी रिबिनी आल्या आणि प्राण्या-पक्ष्यांच्या नावांनुसार रंगांच्या जोड्या ठरल्या. दोन रंगांच्या रिबिनी असतील तर दोन्ही रंग लिहा. एक रंग विटून पांढरा झालेला असतो. रिबीन जिथे शिवलेली आहे तिथे बोटाने हलकेच उचलून खालचा भाग पाहिला की तो कळतो.

खांद्याच्या खाली नावाची आडवी पट्टी असते. तिच्यावरचं राज्याचं नाव फार मोलाचं. "मुंबई" राज्याचं नाव असेल तर शर्ट १ मे १९६०च्या आधीचा असण्याची शक्यता मोठी. विदर्भातल्या पट्टीवर मध्य प्रदेश आणि मराठवाड्यातल्या पट्टीवर हैदराबाद असेल, तर १९५६पूर्वीचा. रेल्वेच्या नावाची पट्टी निघाली तर गोंधळू नका. रेल्वेच्या वसाहतींतली पथकं राज्याच्या नव्हे, रेल्वेच्या संघटनेखाली येत, आजही येतात.

*खिसा.* डाव्या खिशावर दोन उभ्या पांढऱ्या पट्ट्या म्हणजे संघनायक, एक पट्टी म्हणजे उपसंघनायक. दुसऱ्या पट्टीचा दोरा पहिलीपेक्षा वेगळा असला, तर मुलगा त्याच शर्टात उपनायकाचा नायक झाला, असा अंदाज धरायला हरकत नाही. मात्र चिठ्ठीवर तो अंदाज म्हणूनच लिहा.

खिशाच्या वर छोट्या धातूच्या चांदण्या असतील तर त्या सेवेच्या वर्षांच्या. चांदणीच्या मागे रंगीत कापडाची चकती असते: कबची (लहान मुलांच्या गटाची) पिवळी, स्काउटची हिरवी, रोव्हरची (मोठ्या तरुणांच्या गटाची) तांबडी. इथे बरेच जण फसतात. धातू चमकवायला म्हणून चांदणी खोलतात, चकती गळून पडते आणि माहितीच हरवते.

*बाही.* डाव्या बाहीवर वर्गाचं चिन्ह. जुन्या पद्धतीत दुसऱ्या वर्गाचं चिन्ह म्हणजे नुसती फीत, टोकं वर वळलेली, जणू हसणारं तोंड. स्काउटने काम हसतमुखाने करावं म्हणून ती तशी काढलेली. फितीवर ब्रीदवाक्य आणि खाली लोंबणारी छोटी गाठ, पुन्हा सत्कृत्याची आठवण करून देणारी. फितीच्या वर फ्लर-द-लिस आलं की पहिला वर्ग. त्याच्यावर मुकुट आला तर तो किंग्ज स्काउट, ब्रिटिश अमदानीतली सर्वांत वरची पायरी. स्वातंत्र्यानंतर तिच्या जागी राष्ट्रपती स्काउट आला. आजची मुलं प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, राज्य पुरस्कार अशा पायऱ्या चढत तिथवर पोचतात. जुन्या शर्टावर "सोपान" शोधू नका आणि नव्या शर्टावर "सेकंड क्लास".

बाहीवरचे छोटे गोल बिल्ले प्रावीण्याचे: स्वयंपाक, प्रथमोपचार, पोहणे, सायकल, दुभाषा. चित्रावरून बहुतेक ओळखू येतात. न ओळखता आलेल्या बिल्ल्याला मनाने नाव देऊ नका. चित्राचं वर्णन लिहा आणि पुढे जा. प्रदर्शनात येणारा एखादा पंचाहत्तरीचा माजी विद्यार्थी क्षणात नाव सांगतो. आमच्याकडे असंच झालं.

*टोपी.* हिरवी, पिवळ्या काठांची छोटी टोपी म्हणजे कब. तिच्यावर बिल्ल्याच्या बाजूला एक किंवा दोन चांदण्या असतात. कब म्हणजे लांडग्याचं पिल्लू, जन्मताना डोळे मिटलेलं. एका परीक्षेनंतर एक डोळा उघडतो, दुसरीनंतर दुसरा. सात-आठ वर्षांच्या मुलासाठी ही कल्पना किती सुंदर आहे! प्रदर्शनातल्या चिठ्ठीवर ती जरूर लिहा, लहान मुलं तिथे हमखास थांबतात.

५. काळ ठरवा

आता हाती आलेल्या खुणा भारतातल्या इतिहासाशी ताडून पाहा.

भारतात पहिलं पथक १९०९मध्ये बंगळूरला सुरू झालं, पण ते युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. भारतीय मुलांना प्रवेश नव्हता. म्हणून १९१६मध्ये अ‍ॅनी बेझंट आणि जॉर्ज अरुंडेल यांनी मद्रासला भारतीय मुलांची वेगळी स्काउट संघटना काढली. त्या मुलांच्या डोक्यावर परदेशी हॅटऐवजी फेटा होता. उत्तरेत मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांची सेवा समिती स्काउट संघटना उभी राहिली. नागपुरात न्यायमूर्ती विवियन बोस यांनी या चळवळीला वाहून घेतलं. १९२१मध्ये बेडन-पॉवेल भारतात आल्यावर काही संघटना एकत्र आल्या, सेवा समिती मात्र वेगळीच राहिली. १९३८मध्ये हिंदुस्थान स्काउट संघटना निघाली. शेवटी ७ नोव्हेंबर १९५० रोजी सगळे भारत स्काउट्स या एकाच नावाखाली आले आणि १५ ऑगस्ट १९५१ला गाइड्सही सामील झाल्या.

हे इतकं सविस्तर सांगितलं, कारण याचा थेट उपयोग होतो. १९५०पूर्वीच्या गणवेशावर संघटनेचं नाव किंवा चिन्ह वेगळं निघालं, तर तो "नकली" किंवा "चुकीचा" समजू नका. डोक्यावर फेटा असलेला स्काउट राष्ट्रीय विचारांच्या पथकातला असू शकतो, आणि ही गोष्ट त्या घराच्या इतिहासात मोठी असते. फ्लर-द-लिसच्या मधोमध अशोकचक्र असेल तर बिल्ला १९५०नंतरचा, यात शंका नाही. जांभळ्या कापडावर पांढरं फूल आणि भोवती रीफ नॉट नावाची गाठ मारलेली दोरी, असा जागतिक बिल्ला असेल तर १९५५नंतरचा. शर्ट करडा आणि पँट गडद निळी असेल तर तो भारत स्काउटचा आजच्या पद्धतीचा गणवेश. खाकी त्याच्या आधीची.

जुन्या काही पदकांवर फ्लर-द-लिसच्या मागे स्वस्तिक असतं. १९११पासून आभाराच्या बिल्ल्यावर आणि पुढे गुणवत्तेच्या पदकावर ते शुभचिन्ह म्हणून होतं; जर्मनीत नाझींनी ते आपलंसं केल्यावर १९३०च्या दशकाच्या मध्यात ते काढून टाकलं. प्रदर्शनात असं पदक ठेवताना हे दोन ओळींत लिहाच, नाहीतर परदेशात राहणाऱ्या माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना भलताच प्रश्न पडतो.

पांढऱ्या हरिणाचा बिल्ला निघाला तर तो १९३३च्या हंगेरीतल्या जांबोरीचा, म्हणजे स्काउटांच्या जागतिक मेळाव्याचा. असा बिल्ला नेहमी मालकाने मिळवलेलाच असतो असं नाही. मुलं शिबिरांत बिल्ल्यांची अदलाबदल करत. शर्टावर शिवलेला आणि डबीत सुटा ठेवलेला, हा फरक इथे कामाला येतो.

आता ती अतिनील बॅटरी. अंधाऱ्या खोलीत बिल्ल्यावर धरा. आजचे पॉलिएस्टर दोरे आणि चकाकीची रसायनं निळसर पांढरी चमकतात, जुना सुती दोरा मंद राहतो. बाजारात जुन्या बिल्ल्यांच्या नव्या नकला बऱ्याच मिळतात, त्या यात पकडल्या जातात. पण एवढ्यावरच निकाल देऊ नका. शर्ट टिनोपॉलमध्ये किंवा हल्लीच्या धुण्याच्या पावडरीत धुतलेला असेल, तर अस्सल जुना बिल्लाही चमकतो.

६. जुना फोटो जोडून पाहा, पण डोळसपणे

कृष्णधवल फोटोत दोन सापळे असतात.

पहिला रंगांचा. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक काचा आणि फिल्म लाल रंगाला जवळजवळ आंधळ्या होत्या. लाल स्कार्फ फोटोत काळा येतो, निळा स्कार्फ फिकट येतो. त्यामुळे ट्रंकेतला लाल स्कार्फ आणि फोटोतला काळा स्कार्फ एकच असू शकतात. उलट, फोटोवरून रंग ठरवून नवा स्कार्फ शिवायला टाकाल तर फसाल.

दुसरा डाव्या-उजव्याचा. निगेटिव्ह उलटी छापली गेली तर डाव्या बाहीचा बिल्ला उजवीकडे दिसतो. अशा वेळी शर्टाच्या बटणपट्टीकडे पाहा. मुलांच्या शर्टात डावी पट्टी उजवीवर येते. फोटोत उलटं दिसलं तर फोटो उलटा छापलाय. फलकावरची अक्षरं दिसत असतील तर प्रश्नच मिटतो.

७. माणसांना गाठा, आणि लवकर

वस्तूंपेक्षा माणसं आधी जातात. मालक हयात असतील तर त्यांच्या हातात वॉगल द्या आणि स्कार्फ बांधून दाखवायला सांगा. प्रश्नांची यादी वाचण्यापेक्षा हे जास्त चालतं. हात चालू लागले की आठवणी येतात. संघाचं नाव, आरोळी, शिबिराची जागा, स्काउटमास्तरांचं नाव, बिल्ले घरी कोण शिवायचं, हे विचारा. आई, आजी, मोठ्या बहिणी यांनी शिवलेल्या टाक्यांची ओळख त्या घरातल्या बायकांना असते, त्यांनाही आवर्जून विचारा. मोबाइलवर रेकॉर्ड करा, पण आधी परवानगी घेऊन.

८. साफसफाई: बहुतेक नुकसान इथेच होतं

धुऊ नका. लाल आणि हिरवे जुने दोरे पाणी लागताच रंग सोडतात आणि खाकीवर कायमचा डाग बसतो. इस्त्री नको, ड्रायक्लीन नको. मऊ ब्रशने धूळ झाडा, एवढं पुरे. घडीच्या सुरकुत्या टिश्यूचे बोळे आत भरून हळूहळू निघतात.

पितळी बिल्ल्याला चिंच, लिंबू-मीठ, पितळ घासायची पावडर यांतलं काही लावू नका. तो काळपट थर धातूचं रक्षण करतो आणि घासताना बारीक नक्षी जाते. पट्ट्याच्या चामड्याला पितळी बकल चिकटून असेल तिथे हिरवं मेणासारखं साचतं. ते कोरड्या सुती कापडाने किंवा बांबूच्या काडीने अलगद खरवडा आणि दोघांच्या मध्ये टिश्यूची घडी ठेवा.

लोकरी मोज्यांना आणि फेल्टच्या बिल्ल्यांना कसर लागते. बारीक भोकं किंवा जाळीसारखी पिसं दिसली तर ती वस्तू टिश्यूत गुंडाळा, हवाबंद प्लास्टिक पिशवीत घाला आणि फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस न उघडता बाहेर ठेवा, नाहीतर कापडावर दव धरतं. चामडं, मीनाकाम केलेले बिल्ले आणि मणी फ्रीजरमध्ये घालू नका. डांबराच्या गोळ्या कापडाला टेकू देऊ नका. प्लास्टिकच्या वॉगलला तर त्या मऊ करून टाकतात.

ठेवताना खळ काढलेल्या मांजरपाटात गुंडाळा आणि शक्यतो कमी घड्या घाला. लोखंडी पेटीपेक्षा कोरडं कपाट बरं. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर सिलिका जेल बदलत राहा. सेलोटेप, स्टेपल, साध्या टाचण्या यांचा कापडाशी संबंध येऊ देऊ नका. कापड हातात घेताच तुटू लागलं असेल तर घरगुती उपाय थांबवा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तू संवर्धनाचं केंद्र आहे, अशा ठिकाणी आधी विचारा.

९. मांडणी

शर्ट खिळ्याला किंवा तारेच्या हँगरला टांगू नका. खांद्याच्या आकाराची गादी करून त्यावर मांजरपाट चढवा किंवा उतरत्या फळीवर आडवा ठेवा. खिडकीसमोर तर मुळीच नको. जुन्या कापडासाठी संग्रहालयं ५० लक्सच्या आसपास प्रकाश ठेवतात, मोबाइलवरच्या अ‍ॅपने त्याचा अंदाज येतो. तीन दिवसांच्या प्रदर्शनाला साधा मंद दिवा पुरतो.

एका गणवेशातला बिल्ला दुसऱ्यावर लावून "पूर्ण" गणवेश तयार करायचा मोह होतो, आणि महोत्सव समितीतून तसा आग्रहही होतो. ठाम नकार द्या. अपुरा असला तरी तो एका मुलाचा गणवेश आहे. लोकांना संपूर्ण रूप दाखवायचं असेल तर आजच्या स्काउटचा गणवेश घातलेला पुतळा शेजारी उभा करा, किंवा आकृती काढून कुठे काय असायचं ते दाखवा. मुलांना हाताळायला नवे स्कार्फ आणि वॉगल वेगळ्या टेबलावर ठेवा. टर्क्स हेड विणून दाखवणारा एखादा स्काउट बसवलात तर तिथली गर्दी हटत नाही.

चिठ्ठीवर मालकाचं नाव घरच्यांच्या संमतीनेच. त्याखाली खात्रीची माहिती वर आणि अंदाज खाली, वेगळ्या अक्षरात.

१०. देवघेवीची नोंद

वस्तू घेताना दोन प्रतींत पावती करा: वस्तूचं वर्णन, स्थिती, फोटो क्रमांक, परत करायची तारीख, दोघांच्या सह्या. स्थितीमध्ये आधीचे डाग आणि भोकंही लिहा, म्हणजे परत देताना वाद होत नाही. प्रत्येक वस्तूला धाग्याने टॅग बांधा, आणि तो बटणाच्या काजात अडकवा, बिल्ल्याला नाही. परत करताना वस्तूबरोबर तुम्ही काढलेले फोटो, चिठ्ठीवरचा मजकूर आणि वर दिलेल्या जपणुकीच्या सूचना एका लिफाफ्यात घालून द्या. त्या घरात पुढच्या वेळी ट्रंक उघडणाऱ्याला शोध पुन्हा पहिल्यापासून करावा लागणार नाही.